मुरमातली खरबुजं

रंभाबाईंच्या पोटात दुखायला फार मोठं कारण लागत नसे. थोरली बहीण कासारसाईला दिलेली. तिच्या घरावर स्लॅब पडला, त्या दिवशी रंभाबाई वास्तुशांतीचं जेवण जेवून आल्या आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक म्हैस वाढवली. पुढे तीन वर्षं पहाटे उठून दूध घालून घालून चांदे गावातल्या आपल्या घरावर त्यांनी स्लॅब टाकलाच, आणि तो बहिणीच्या स्लॅबपेक्षा एका खोलीने मोठा होता. धाकट्या जावेच्या हातच्या लसणाच्या चटणीचं सासऱ्यांनी चार माणसांत कौतुक केलं, तेव्हापासून रंभाबाईंच्या घरात पाट्यावर वाटलेली चटणी कधी संपली नाही. सासरे गेले, जाऊ वेगळी झाली, तरी चटणी चालूच.

त्यांचा हेवा नुसता बसून राहणारा नव्हता. तो कामाला लागायचा. शेजारच्या खाचरात भात गुडघ्याएवढा दिसला की रंभाबाई आपल्या खाचरात दिवस उगवायला हजर. जयसिंग, त्यांचे यजमान, स्वभावाने गार माणूस. ते गमतीने म्हणत, आमच्या घराचा पाया सिमेंटचा न्हाई, हिच्या जळण्याचा हाय. रंभाबाईंना ते ऐकून राग यायचा नाही. खरं तर थोडं बरंच वाटायचं.

आता खाचरं राहिली नव्हती. भात जिथे डोलायचा तिथे चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यांच्या गच्च्यांवर संध्याकाळी रंगीत दिवे लागत. रंभाबाईंच्या कुटुंबाकडे, मांडेकरांकडे, उरलं होतं ते घर, वरच्या मजल्यावरच्या भाड्याने द्यायच्या दोन खोल्या, आणि मागचं चार गुंठ्यांचं परस. हे परस रंभाबाईंनी कुणाला विकू दिलं नव्हतं. काळी, लोण्यासारखी माती. तिच्यात वाल, घेवडा, वांगी, दुधी, मिरची, अळू, जे टाकाल ते येई. सोसायट्यांमधल्या बायका फिरायला निघाल्या की कुंपणाशी थांबत, आजी, अळूची पानं आहेत का, म्हणून विचारत. रंभाबाई पानं देत आणि वर सांगत, "माझ्या हाताचं हाय, घशात खवखवणार न्हाई." साठी उलटल्यावर एवढाच मान त्यांना उरला होता, आणि त्याला त्या फार जपत.

गेल्या दिवाळीनंतर वरच्या खोल्यांत शहाबाज आणि निलोफर राहायला आले. दोघं पौडचे. शहाबाज इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करायला जाई, निलोफर घरी शिवणाचं मशीन चालवी. लग्नाला चार वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. निलोफर बोलायला नरम, पण कामाला चिवट. महिन्याभरात तिचे ब्लाऊज गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर होते. जिना चढता-उतरता ती रंभाबाईंना मावशी म्हणे, जयसिंगांना काका म्हणे, आणि खाली आली की चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवी. रंभाबाईंना तिच्याविषयी सांगण्यासारखी एकही तक्रार नव्हती.

संक्रांतीनंतर एक दिवस ती खाली आली आणि म्हणाली, मावशी, मागं भिंतीच्या कडेला जी पट्टी रिकामी हाय तिथं मी चार बिया टाकू का. ती पट्टी म्हणजे घर बांधताना उरलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि वाळू जिथे ओतून ठेवली होती ती जागा. तिथे गवतसुद्धा धड उगवत नसे. रंभाबाईंनी मोठ्या मनाने होकार दिला. मोठं मन करायला काही लागतच नव्हतं.

"कसल्या बिया?" त्यांनी विचारलं.

"खरबुजाच्या," निलोफर म्हणाली.

रंभाबाई हसल्या. खरबूज नदीच्या वाळूत येतं, त्याला जाणता हात लागतो, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. निलोफरने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सब्बल घेऊन मुरूम खणायला बसली.

तिने जे केलं ते सगळं रंभाबाईंनी मागच्या दाराच्या पायरीवरून पाहिलं. तिने विटांचे तुकडे वेचून काढले, वाळू आणि मुरूम एकत्र केला, त्यात शेळीच्या लेंड्यांचं खत घातलं, तेही फार नाही, दोन घमेली. मग हातभर उंच असे सहा उंचवटे केले आणि एकेका उंचवट्यावर तीन-तीन बिया टोचल्या. पाणी एक तांब्याभर. रंभाबाईंना ते पाहून कीव आली, आणि कीव आली की त्यांना बरं वाटत असे. तरीही त्याच आठवड्यात त्यांनी सुनेला, पिंकीला, बाजारातून खरबुजाच्या बियांची पुडी आणायला सांगितली. कशाला, असं पिंकीने विचारलं, तर म्हणाल्या, "तिला दावते कसं लावत्यात ते."

परसातल्या सगळ्यात चांगल्या वाफ्यात त्यांनी बिया लावल्या. आधी शेणखताचा थर, मग खोल आळी, मग सकाळ-संध्याकाळ पाणी. भाताच्या हातांना पाणी कमी पडलेलं चालत नाही. आठ दिवसांनी निलोफरच्या उंचवट्यांवर दोन-दोन पानांचे कोंब वर आले. रंभाबाईंच्या वाफ्यात चिखल होता. त्यांनी बोटाने उकरून पाहिलं, तर बिया सडून मऊ झालेल्या, दाबल्या की पाणी सुटायचं.

बी खोटं निघालं, त्या म्हणाल्या. दुसरी पुडी आली. ती उगवली तोवर फेब्रुवारी संपत आला होता आणि भिंतीकडचे वेल हातभर पसरले होते.

पण रंभाबाईंचे वेल एकदा धरले ते असे धरले की विचारू नका. पानं तळहाताहून मोठी, हिरवीगार, वेल तर रोज वीतभर पुढे. वाफा पुरेना म्हणून ते मिरचीवर चढले. पिंकी म्हणाली, आत्या, तुमचं लईच भारी आलंय. निलोफरचे वेल त्यापुढे अगदी रोडके दिसत, पानं लहान, त्यातली काही कडेला पिवळी. रंभाबाई दोन-तीन दिवस खुशीत होत्या. जयसिंगांना त्यांनी मुद्दाम हाताला धरून नेऊन दोन्हीकडचे वेल दाखवले.

जयसिंग भिंतीकडे वाकले आणि म्हणाले, "हिला फळ धरलंय की."

लिंबाएवढं एक फळ. अंगावर बारीक लव. त्याच्याखाली निलोफरने भाताचा पेंढा घातला होता, जमिनीला टेकू नये म्हणून. पलीकडे आणखी एक होतं. रंभाबाईंनी आपल्या रानात पानं उचलून उचलून पाहिली. पिवळी फुलं ढिगाने होती. फळ एकही नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांचं कशात मन लागेना. त्या भाकरी थापत, पण कान मागच्या दाराकडे. सकाळी सातला निलोफर खाली उतरून भिंतीकडे जाई, वेलापाशी उकिडवी बसे आणि काहीतरी करी. ती पाठमोरी असल्यामुळे काय करते ते रंभाबाईंना दिसायचं नाही. ही कसलं तरी औषध आणून घालते, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी पिंकीला विचारायला लावलं. पिंकी विचारून आली आणि हसत सांगू लागली की औषधबिवषध काही नाही, ती फुलाला फूल लावते.

"म्हंजी?"

म्हणजे असं, पिंकीने सांगितलं, की वेलाला दोन जातीची फुलं येतात. आधी येतात ती सगळी नर. मादी फुलं उशिरा येतात, बाजूच्या फाट्यांवर, आणि त्यांच्या मागे मण्याएवढं फळ आधीपासूनच असतं. इकडे बांधकामांमुळे माश्या उरल्या नाहीत, सोसायटीवाले डासांचा धूर मारतात त्यात होत्या नव्हत्या त्याही गेल्या, म्हणून निलोफर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढते आणि मधला दांडा मादी फुलात फिरवते. मागच्या वर्षी पौडला तिने पत्र्याच्या डब्यात नऊ वेल लावले होते आणि एकही फळ मिळालं नव्हतं. मग बियाणं विकणाऱ्या कुण्या हाफीजचाचांना विचारून विचारून ती शिकली.

हे सगळं ऐकल्यावर दुसऱ्या बाईने सकाळी उठून आपल्या वेलाला तसंच करून बघितलं असतं. रंभाबाईंना ते जमलं नाही. हात गेले असते, पण मान वाकली नसती. चाळीस वर्षं ज्यांनी हजारांनी रोपं लावली त्यांनी आपल्याच परसात भाडेकरणीचं बघून फुलाला फूल लावायचं! त्यांनी आणखी दोन पाट्या शेणखत घातलं आणि पाणी वाढवलं. वेल आणखी हिरवे झाले. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी आली. निलोफरच्याही दोन वेलांवर आली होती, तर तिने पाण्यात ताक मिसळून फवारलं, रोगट पानं कात्रीने काढून टाकली आणि ती आटोक्यात आणली. रंभाबाई भुरी पाहायच्या आणि मनात म्हणायच्या, जाऊ दे, आपसूक जाईल.

एप्रिल लागला. भिंतीकडे अकरा फळं होती. रंभाबाईंनी ती निलोफर दुपारी मशीनवर बसलेली असताना मोजली होती. एकेका फळाला तिने जुन्या साडीच्या कापडाची पिशवी बांधली होती, फळमाशीने डंख मारू नये म्हणून, आणि रंभाबाईंनी जिन्याकडे नजर ठेवून एकेक पिशवी उचलून पाहिली. फळं नारळाएवढी झाली होती. सालीवर जाळी उमटायला लागली होती. एवढं देखणं फळ रंभाबाईंनी या मातीत, म्हणजे आपल्या स्वतःच्या मातीत, कधी पाहिलं नव्हतं.

त्यातच एका संध्याकाळी कुंपणाशी गौतमी थांबली. समोरच्या सोसायटीत राहणारी, रोज फिरायला येणारी मुलगी. रंभाबाई अळूची पानं काढायला वळल्या, तर ती म्हणाली, "आजी, आज पानं नको. ती खरबुजं कुणी लावलीत? किती सुंदर! मला त्यांच्याकडून शिकायचंय." रंभाबाईंनी वर बोट दाखवलं. गौतमी जिना चढून गेली आणि अर्धा तास खाली आली नाही. रंभाबाई हातात अळूची पानं धरून तेवढा वेळ तिथेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिन्याखाली गेल्या. तिथे पाण्याचे कॉक होते. टाकीतून एक पाइप घरात, एक वर, एक परसात, आणि त्यातूनच फुटलेला एक भिंतीकडच्या नळाला. त्या चौथ्या कॉकची मूठ रंभाबाईंनी आडवी फिरवली. घट्ट होती, दोन्ही हात लावावे लागले.

निलोफर सांगायला आली, की मावशी, तिकडच्या नळाला पाणी येत न्हाई. रंभाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, पाइपात माती बसली असंल, प्लंबरला निरोप धाडते.  निलोफर बरं म्हणाली आणि गेली.

एप्रिलचं ऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी वेलांची पानं छत्री मिटावी तशी खाली मिटली. रंभाबाईंनी दारातून पाहिलं आणि त्यांच्या पोटातली कळ पहिल्यांदा थांबली. त्या दिवशी दोन भाकरी त्या जास्त जेवल्या. निलोफर मात्र वरून एक कळशी घेऊन उतरे, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी, आणि प्रत्येक वेलाच्या बुडाशी तांब्या-तांब्या ओते. वरच्या खोल्यांना पाणी सकाळी अर्धा तास सुटायचं, त्यातून ती वाचवायची. सात-आठ खेपा. पाचव्या दिवशी जिन्यावर तिचा पाय सटकला आणि ती कळशीसकट दोन पायऱ्या खाली बसली. रंभाबाई आतून आवाज ऐकून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि दार न उघडताच परतल्या. तिला लागलं नव्हतं. पण त्या दिवशी रंभाबाईंनी ताटातली भाकरी अर्धी टाकली. संध्याकाळी त्या कॉकपाशी गेल्यासुद्धा. मग गौतमीचा तो शब्द आठवला, शिकायचंय, आणि त्या तशाच माघारी आल्या.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळीच परसात वास सुटला. गोड, दाट, पावसाळ्यात फणस पिकतो तसा लांबवर जाणारा. चहा पिता पिता जयसिंगांनी नाक वर केलं. थोड्या वेळाने निलोफर जिना उतरून आत आली. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात कापलेलं खरबूज, केशरी, कडेला हिरवी रेघ. तोडावं लागलं न्हाई, ती म्हणाली, हात लावला आन् देठातनं सुटून हातात आलं.

जयसिंगांनी एक फोड खाल्ली. मग दुसरी. मग पाठोपाठ आणखी दोन खाल्ल्या. रस कोपरापर्यंत ओघळला तो त्यांनी धोतराला पुसला. पिंकी म्हणाली, साखर घातल्यासारखं लागतंय. रंभाबाईंनी फोड तोंडात घातली. ती जिभेवर विरघळली. त्यांना वाटलं होतं, पाण्यावाचून फळ कडू होईल, सुरकुतेल, दगड होईल. असलं गोड खरबूज त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं.

"गार हाय म्हणून गोड लागतंय," त्या म्हणाल्या.

"गार कुटं हाय," जयसिंग म्हणाले. "वेलावरनं आत्ताच आणलंय."

निलोफर दाराशी उभी होती. ती म्हणाली, "हाफीजचाचा म्हणायचे, फळ पिकायच्या आधी आठ दिवस पाणी तोडायचं, मग गोडी उतरती. माझ्या जिवानं व्हायचं न्हाई ते. बरंच झालं, पाणी तुटलं."

रंभाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे टोमणा असता तर त्यांना उत्तर देता आलं असतं. पण तिथे काही दिसलं नाही. रिकामं ताट घेऊन ती वर गेली.

त्या दुपारी रंभाबाईंना जे वाटलं ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. आजवर दुसऱ्याचं चांगलं पाहून त्या जळल्या होत्या. पण आपणच वाईट करायला जावं आणि त्यानेसुद्धा दुसऱ्याचंच भलं व्हावं, हे त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा आलं होतं. त्या आडव्या झाल्या, उठल्या, पुन्हा आडव्या झाल्या.

जयसिंग दुपारी पान्हा आणि तार घेऊन जिन्याखाली गेले. प्लंबर काही येत नाही, आपणच पाइप मोकळा करावा, असं त्यांच्या मनात आलं होतं. पाच मिनिटांत ते परत आले. हात कोरडे होते.

"पाइपात माती न्हवती," ते म्हणाले. "मी कॉक उघडलाय."

आणि पान्हा फळीवर ठेवून ते पारावर निघून गेले. एवढंच. त्यांनी आवाज चढवला असता, चार माणसांत अपमान केला असता, तर रंभाबाई तुटून पडल्या असत्या आणि भांडणात सगळं धुऊन निघालं असतं. जयसिंग रात्री जेवले, दुसऱ्या दिवशी चहा प्याले, हवापाण्याचं बोलले. त्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

दोन दिवस रंभाबाईंनी हे सोसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या जिना चढल्या. भाडेकरू आल्यापासून त्या वर गेल्याच नव्हत्या. गुडघे दुखत होते. निलोफर मशीनवर बसली होती. तिने उठून चटई टाकली, पण रंभाबाई बसल्या नाहीत.

"पाइप तुंबला न्हवता," त्या म्हणाल्या. "मी कॉक बंद केलता."

निलोफरने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मला माहीत हाय," ती म्हणाली.

"तुला कोण बोललं? ह्यांनी?"

"कुणी न्हाई. जिन्याखालनं मी रोज जाते मावशी. पहिल्याच दिवशी मूठ आडवी दिसली."

"मग उघडली का न्हाईस? भांडली का न्हाईस?"

"घर तुमचं हाय," निलोफर म्हणाली. तिचा आवाज अजूनही नरमच होता, पण आता त्यात दुसरंही काही होतं. "करार मे महिन्यात संपतोय. शहाबाज म्हणाला, काय बोलू नको, पुन्हा खोली मिळायची न्हाई. हितं आमाला खोली द्यायला किती जण तयार होत्यात, तुमाला काय सांगायचं. तुमी वेल उपटून टाक म्हणाला असता तर मी उपटले असते. पण तुमी तसं म्हणाला न्हाई. म्हणून मी पाणी आणत राहिले."

 ही भांडली का नाही याचा रंभाबाईंना राग आला होता, आणि ती का भांडली नाही हे कळल्यावर तो राग जायला जागाच उरली नाही. शेवटी त्यांच्या तोंडून जे आलं ते त्यांनी आयुष्यात कुणापुढे कबूल केलं नव्हतं, बहिणीपुढे नाही, जावेपुढे नाही, नवऱ्यापुढेसुद्धा नाही.

"मला तुझं बघवत न्हवतं गं," त्या म्हणाल्या.

निलोफरने मशीनवरचं कापड काढून बाजूला ठेवलं. 

"मला पण तुमचं बघवत न्हाई," ती म्हणाली. "पौडला आमी आठ माणसं दोन खोल्यांत. माझे वेल डब्यात असायचे. डबा आज ह्या कोपऱ्यात, उद्या त्या. तुमी सकाळी दार उघडता आन् पाय मातीत. मी रोज खिडकीतनं बघते तुमी कशा चालता ते."

रंभाबाई तेव्हा बसल्या. चटईवर नाही, उंबऱ्यावर.  त्यांनी माफी मागितली का? तो शब्द त्यांना येत नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या की कराराचं मनावर घेऊ नको, तो करायला मी साहिलला सांगते. साहिल म्हणजे त्यांचा मुलगा, घरातले कागद तो बघे. आणि जाताना जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारलं, "माझ्या वेलाला फळ का धरंना?"

हे विचारणं त्यांना त्या कबुलीपेक्षाही जड गेलं.

निलोफर लगेच खाली आली नाही. चार दिवस तिने काही उत्तरच दिलं नाही. जिन्यावर गाठ पडली तर मावशी म्हणे आणि पुढे जाई. एरवी वरून अधूनमधून भाजी-आमटीची वाटी यायची तीही थांबली. रंभाबाईंना ते टोचलं, पण या टोचण्यात हेवा नव्हता, त्यामुळे त्याचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. त्यांनी गावातल्या प्लंबरला बोलावून तो चौथा कॉक जिन्याखालून काढायला लावला आणि भिंतीकडे, नळाशेजारीच बसवून घेतला. कुणाला काही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सातला निलोफर परसात आली, कमरेला ओढणी खोचलेली, हातात कात्री. तिने रंभाबाईंच्या रानाकडे नीट पाहिलं आणि मग एकेक सांगू लागली, फार गोड न बोलता. खत लई झालंय. वेल माजलाय, त्याला फळ धरायची गरजच वाटंना. पाणी रोज नको, माती बोटभर खोल सुकली की मगच. मुख्य वेलाचे शेंडे खुडा, म्हणजे बाजूचे फाटे फुटतील, मादी फुलं त्यांच्यावर येतात. भुरीची पानं काढा. तिने स्वतः दोन शेंडे खुडून दाखवले. बाकीचे रंभाबाईंनी खुडले. एवढे तरणेताठे शेंडे आपल्या हाताने मोडताना त्यांचा जीव खालीवर होत होता, पण त्या थांबल्या नाहीत.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फुलामागे मणी दिसला. निलोफरने नर फूल त्यांच्या हातात दिलं. रंभाबाईंचे हात मोठे, भेगाळलेले, नांगराचे. पाकळ्या सोलताना दोन फुलं चुरगळली. तिसरं जमलं. पाच फळं धरली. त्यातल्या दोन फळांना पिशव्या बांधायला एक दिवस उशीर झाला, तेवढ्यात फळमाशीने डंख मारला आणि ती आतून किडली. ती उचलून टाकताना रंभाबाई पिंकीवर उगाचच ओरडल्या. उरली तीन.

जूनमध्ये ती पिकली, आणि शेवटचे आठ दिवस रंभाबाईंनी स्वतः पाणी तोडलं. पहिलं फळ कापलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावलं, शहाबाजलासुद्धा, तो कामावरून आलेला, पँटला ग्रीसचे डाग. चांगलं होतं. गोड होतं. वास होता. शहाबाज म्हणाला, काकू, एक नंबर. पिंकी म्हणाली, भारी. रंभाबाई जयसिंगांच्या तोंडाकडे बघत होत्या.

जयसिंगांनी शांतपणे फोड संपवली. "चांगलं हाय," ते म्हणाले. मग खोटं बोलता येत नसल्यामुळे पुढे म्हणाले, "तिचं थोडं जास्त गोड होतं."

रंभाबाईंच्या पोटात कळ उठली. तीच, जुनी, चांगल्या ओळखीची. त्यांनी निलोफरकडे पाहिलं. निलोफर फोडीतल्या बिया काढून कागदावर पसरत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू लपत नव्हतं. तिला ते लपवायचंही नव्हतं, हे रंभाबाईंना स्वच्छ दिसलं.

"माझी माती काळी हाय," रंभाबाई म्हणाल्या. "म्होरल्या साली मी मुरूम टाकते वाफ्यात."

"टाका," निलोफर म्हणाली. "पण माझ्याकडचा न्यायचा न्हाई."

करार पुन्हा झाला. पौषात दोघींनी एकाच दिवशी बिया लावल्या, एकीने भिंतीकडे, एकीने मधल्या वाफ्यात, आणि लावून झाल्यावर दोघी एकमेकींचे उंचवटे मोजून आल्या. गौतमी कुंपणाशी थांबली की आता रंभाबाईच आधी बोलत. खरबुजं आमच्या वरच्या बाईची, म्हणून सांगत. आणि गौतमी वर जायला वळली की मागून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत, "मागल्या साली माझीबी तीन झाली हुती."